सोप्पं आहे हो!

मराठीत काही शब्द मुळातच लबाड आहेत. 'दोन मिनिटांत आलोच' यातलं 'दोन', 'घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आहे' यातली 'हाक', किंवा 'अगदी एवढूस्सं वाढते हं' म्हणता म्हणता पानात पडणारा श्रीखंडाचा डोंगर. पण ही मंडळी लबाड असली तरी निरुपद्रवी. त्यांच्यावर मी फिर्याद करणार नाही. माझी फिर्याद आहे ती 'सोप्पं' या शब्दावर. त्यातही एका 'प'चं जे साधं 'सोपं' आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. ते बिचारं गणिताच्या पुस्तकात पहिल्या पाठापुरतं येतं आणि निघून जातं. माझं वैर आहे ते दोन 'प'वाल्या 'सोप्पं'शी. 'सोप्पं आहे हो!' असं म्हणून जे एखाद्या वयस्क माणसाच्या हातातला फोन काढून घेतं, त्यावर सर्रसर्र चार बोटं फिरवतं, आणि 'हं, झालं!' म्हणून परत देतं, ते सोप्पं.

या गुन्ह्यातला एक आरोपी मी स्वतः आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. बँकेतल्या माणसावर स्वतःच्याच नावे डेबिट व्हाउचर फाडायची वेळ सहसा येत नाही. माझ्यावर ती आली आहे.

मी साताऱ्यात एका बँकेत क्लार्क आहे. शिक्षण बी. कॉम., दुसरा वर्ग. दुसरा वर्ग नुसता मिळाला नाही, तो अंगी मुरला. वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी लोकांना फॉर्म कुठे भरायचा, सही कुठे करायची आणि 'लंच टाइम' म्हणजे काय, हे समजावून सांगत आलो आहे. तेव्हा मला शिकवता येतं, असा माझा समज होता. तो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दूर केला.

प्रथम हे स्पष्ट करतो की मी काही फोनचा शत्रू नाही. 'पूर्वी फोन नव्हते तेव्हा माणसं कशी सुखी होती' असले गळे मला काढायचे नाहीत. पूर्वी फोन नव्हते तेव्हा माणसं शेजाऱ्यांच्या फोनवर बोलायला जात आणि त्यांच्या कॉटवर बसून आपली सगळी भांडणं जाहीर करून येत, हे मला चांगलं आठवतं. फोन ही उत्तम वस्तू आहे. पण आमच्या पिढीला तो बाळाला अन्न देतात तसा मिळाला. आधी वरणाचं पाणी, मग मऊ भात, मग पोळीचा कुस्करा. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखरामांशी देशातला पहिला मोबाइल कॉल केला, ते आम्ही नुसतं पेपरात वाचलं. ते वरणाचं पाणी. २००३ साली नोकियाचा तो विजेरीवाला ११०० निघाला. बटणं ठसठशीत आणि चार्जिंग असं टिकाऊ की चार्जर कुठे ठेवलाय ते विसरायला होई. तो मऊ भात. २००७ साली अमेरिकेत आयफोन निघाला आणि पुढच्या वर्षी पहिला अँड्रॉइड फोन. ती पोळी आमच्या पानात पडेपर्यंत आम्हाला दात आले होते. अण्णांना मात्र आम्ही पंचाहत्तराव्या वाढदिवसाला एकदम पुरणपोळी भरवली, आणि त्यांना ठसका लागला तेव्हा म्हणालो, "अहो, सोप्पं आहे!"

अण्णांचा जुना बटणांचा फोन होता. त्यात एक हिरवं बटण होतं, एक लाल. हिरवं म्हणजे सुरू, लाल म्हणजे बंद. हे आगगाडीच्या सिग्नलपासून जगाला मान्य आहे. नव्या फोनवर पहिल्यांदा रिंग वाजली तेव्हा अण्णांनी हिरव्या गोळ्यावर बोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. रिंग वाजतच राहिली.

"अहो अण्णा, दाबायचं नाही, वर सरकवायचं."

"मग हिरवं कशाला केलंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो जे करतो तेच मी केलं. फोन त्यांच्या हातातून घेतला, वर सरकवला आणि त्यांच्या कानाला लावला. तोपर्यंत पलीकडच्या आत्येने फोन ठेवून दिला होता.

त्यानंतरचे सगळे धडे याच वळणाने गेले. आमचे चिरंजीव बारा वर्षांचे. ते आजोबांच्या खुर्चीच्या हातावर बसून शिकवत. शिकवणी अशी:

"आजोबा, फोटो पाठवायचाय ना? सोप्पं आहे. हे असं उघडायचं, इथं जायचं, हे तीन ठिपके, मग ते त्रिकोणासारखं, मग आत्याचं नाव, मग हा बाण. गेला!"

"कुठून गेला?"

"इथून."

"पुन्हा दाखव बरं."

"आता गेलाय ना! परत कशाला पाठवायचा?"

चिरंजीवांना फोटो पाठवायचा होता. आजोबांना फोटो पाठवायला शिकायचं होतं. ही दोन कामं अगदी निराळी आहेत, हे आमच्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. काम झालं की शिकवणी संपली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पुन्हा विचारलं की आमचा चेहरा ठरलेला. तो चेहरा मी ओळखतो. पेन्शनर मंडळी तिसऱ्यांदा तोच फॉर्म विचारायला आली की काउंटरच्या आत तो आपोआप तयार होतो. 'कालच सांगितलं होतं ना' हे वाक्य त्यावर न बोलताही वाचता येतं. अण्णांनी ते वाचलं. हळूहळू त्यांनी विचारणं बंद केलं. आम्ही म्हणालो, "बघा, शिकले!"

आता ज्याला आपण सोप्पं सोप्पं म्हणतो ते किती सोपं आहे, त्याचा हिशोब मांडू. या फोनवर शब्द कमी आणि चित्रं फार. चित्रं का, तर म्हणे बघताक्षणी कळावं. ठीक. एकाखाली एक तीन आडव्या रेघा म्हणजे यादी उघडा. ही खूण १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' नावाच्या संगणकासाठी काढली गेली. अण्णांनी १९८१ साली तो संगणक पाहिला असता तर त्यांना ती बघताक्षणी कळली असती. दुर्दैवाने त्या वर्षी ते कऱ्हाडच्या पोस्टात होते. काही ठिकाणी 'जपून ठेवा' म्हणून अजून फ्लॉपीचं चित्र असतं. ती फ्लॉपी सोनी कंपनीने २०११ साली बनवायची बंद केली. म्हणजे शिकवणाऱ्या नातवानेही ती कधी पाहिली नाही आणि शिकणाऱ्या आजोबांनीही नाही. दोघांनी मिळून तिला ओळखायचं. आणि ते ब्लूटूथचं चिन्ह! ते डेन्मार्कच्या हाराल्ड ब्लूटूथ नावाच्या दहाव्या शतकातल्या राजाच्या नावाची जुन्या लिपीतली दोन आद्याक्षरं एकत्र करून बनवलं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या डेन्मार्कच्या राजाची सही साताऱ्यातल्या माणसाला ओळखता आली नाही, तर त्यात त्याच्या बुद्धीचा काय दोष? आमच्या बँकेत दहा वर्षांपूर्वीची सही जुळत नाही म्हणून आम्ही चेक परत करतो.

बरं, एवढं करून चिन्हं पाठ करावीत, तर फोन रात्री झोपतो एक आणि सकाळी उठतो भलताच. त्याला म्हणे अपडेट आलेलं असतं. काल डावीकडे असलेलं बटण आज उजवीकडे. घरातल्या बाईने स्वयंपाकघरातले डबे नुसते एका फळीवरून दुसऱ्या फळीवर हलवले तरी मला आठ दिवस चहात मीठ पडायची धास्ती असते. इथे सगळं स्वयंपाकघरच रातोरात शेजारच्या बिऱ्हाडात जातं. आईने लग्नानंतर कुकर घेतला, त्याची शिट्टी आजही तिथेच आहे. तीन शिट्ट्या म्हणजे भात; यात पन्नास वर्षांत अपडेट आलेलं नाही.

यातला खरा हिशोब मला समजला तो गेल्या वर्षी जुलैमध्ये. तो सांगताना मला थट्टा सुचत नाही, पण सांगितल्याशिवाय फिर्याद उभी राहत नाही.

मी ऑडिटच्या कामासाठी कोल्हापूरला गेलो होतो. सौ. आणि चिरंजीव लग्नासाठी सांगलीला. घरी अण्णा आणि आई. सकाळी आई न्हाणीघरात घसरली. मनगट दुखावलं, उठता येईना. अण्णांनी फोन घेतला आणि मला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. अकराही वेळा फोन मुका. शेवटी सत्त्याहत्तर वर्षांचे अण्णा पावसात, अनवाणी, दोन जिने उतरून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले आणि तिथल्या मुलाला घेऊन आले. आईला सहा आठवडे प्लास्टर पडलं. आता ती बरी आहे. कुकरही तीच लावते.

संध्याकाळी घरी आल्यावर मी फोन पाहिला. वरच्या कोपऱ्यात एक एवढंसं विमान होतं. खिशात टाकताना किंवा काढताना बोट लागून वरचा पडदा खाली ओढला गेला असणार आणि विमानावर टिचकी पडली असणार. विमान सुरू, फोन बंद.

"अण्णा, हे विमान दिसलं नाही का?"

"दिसलं की. मला वाटलं, कसली तरी जाहिरात आहे."

बरोबरच होतं. जन्मात विमानात न बसलेल्या माणसाने फोनवर विमान पाहिलं तर दुसरं काय समजावं? वरून पडदा ओढता येतो आणि त्यात विमान असतं, हे अण्णांना कुणी दाखवलंच नव्हतं. मी दाखवलं नव्हतं. कारण ते सोप्पं होतं.

अण्णा मला रागावले नाहीत. थोडा वेळ गेल्यावर एवढंच म्हणाले, "अरे, अतिवृष्टीत तारा तुटायच्या, तेव्हासुद्धा मी वाट काढून पुण्याला निरोप पोचवलाय. आज यंत्र हातात होतं आणि निरोप पोचला नाही."

कारण आमचे अण्णा पोस्टात तारमास्तर होते. आज तार पाठवता येत नाही. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली. (त्या रात्री अण्णा जेवले नाहीत असं काही झालं नाही; जेवले, पण भाजीत मीठ नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.) टिंब आणि रेघ या दोन आवाजांत सगळी इंग्रजी भाषा मावते, आणि नुसता कडकट्ट कडकट्ट ऐकून जन्म, मृत्यू, बदली आणि 'स्टार्ट इमिजिएटली' कागदावर उतरवणारा हा माणूस. त्याला मी वर्षानुवर्षं, 'तुम्हाला नाही जमायचं, आणा इकडे' असं म्हणत आलो होतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा शिकवणाऱ्याच्या नाही, तर शिकणाऱ्याच्या आवाजात विचारलं, "अण्णा, तुम्हाला तार कशी शिकवली?"

"कित्येक महिने," अण्णा म्हणाले. "आमचे मास्तर पाठीमागे हात बांधून उभे राहायचे. खटक्याला त्यांचं बोट कधी लागलं नाही. चुकलं की म्हणायचे, 'परत.' बस. दुसरा शब्द नाही."

"रागवायचे?"

"रागवायचे की. पण खटका काढून नाही घ्यायचे."

वाचकहो, सगळं शिक्षणशास्त्र या एका वाक्यात आहे. रागवा, पण खटका काढून घेऊ नका.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात नवी शिकवणी सुरू झाली. नियम एकच: ज्याचा फोन, त्याचंच बोट. शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. पहिल्या दिवशी माझे हात मागे इतके वळवळले की सौ.ने विचारलं, "पाठ खाजतेय का?" रोज एकच गोष्ट. अण्णांनी चाळीस पानी वही केली आणि स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त घरी परत कसं यायचं. कुठेही हरवलो तरी खालून वर बोट सरकवलं की मूळ जागी येतो, हे कळल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर जत्रेत हरवलेल्या मुलाला आई सापडल्याचं समाधान दिसलं. शिकवायला हे सगळ्यात आधी हवं होतं. आम्ही त्यांना पुढे पुढे नेत होतो, परत यायची वाट कुणी दाखवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन घेणं आणि ठेवणं. तिसऱ्या दिवशी पडदा आणि विमान. अण्णांनी विमान वीस वेळा उडवलं आणि वीस वेळा उतरवलं. विमानतळावरसुद्धा एवढी वर्दळ नसेल.

चौथ्या दिवशी अडलं. मी म्हटलं, "आता यावर दाबून धरा."

"किती?"

"थोडा वेळ."

"थोडा म्हणजे किती? तारेत एक रेघ म्हणजे बरोबर तीन टिंबांएवढा वेळ. इथं किती टिंबं?"

मी गप्प. आजवर लाखो लोकांनी लाखो लोकांना 'दाबून धर' म्हणून सांगितलं असेल. 'किती' हे एकालाही सांगता आलं नसेल. चौकशी केली तेव्हा कळलं की साधारण अर्धा सेकंद बोट टेकलं की फोन त्याला टिचकी न समजता दाबून धरणं समजतो. म्हणजे अण्णांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. टिचकी म्हणजे टिंब, दाबून धरणं म्हणजे रेघ! आणि म्हातारपणी बोट सावकाश उठतं, म्हणून अण्णांच्या टिंबाची फोन रेघ करत होता आणि भलत्याच याद्या उघडत होता. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' म्हणून एक दालन असतं, त्यात हा अवधी वाढवता येतो. अक्षरं मोठी करायची सोयही सेटिंगमध्येच असते. तिसरी भानगड बोटाची. हा पडदा दाबानं नव्हे, तर बोटातून जी अल्पस्वल्प वीज खेळते तिच्यावर चालतो. वयानं आणि कष्टानं कातडी कोरडी, राठ झाली की पडद्याला बोट आल्याचं नीट कळत नाही. म्हणजे वर्षभर आम्ही 'अण्णा, जोरात दाबू नका', 'अण्णा, नीट दाबा' असं जे ओरडत होतो, त्यात अण्णांची चूक कुठेच नव्हती. हात किंचित ओलसर पुसून घेतला की फोन मुकाट्याने ऐकू लागला. ज्या बोटांनी चाळीस वर्षं काम केलं, त्यांना फोन ओळखत नव्हता आणि शिव्या बोटांना बसत होत्या!

हा हिशोब लागल्यावर मला माझं काउंटर दिसू लागलं.

आमच्या व्यवसायात डबल एंट्री नावाचं एक तत्त्व आहे. एका बाजूला जमा पडली की दुसऱ्या बाजूला तेवढीच नावे पडली पाहिजे, नाहीतर संध्याकाळी मेळ बसत नाही आणि कुणी घरी जात नाही. बँकेने काम फोनवर टाकलं की कारकून वाचतो, कागद वाचतो, जागा वाचते. ही सगळी जमा. मग शिकवण्याचा खर्च कुणाच्या नावे पडला? कुणाच्याच नाही. तो ग्राहकाच्या उचंत खात्यात टाकून आम्ही मोकळे! आम्हाला स्वतःला यंत्र शिकवायची वेळ आली तेव्हा असं झालं नव्हतं हो. १९८३ साली यंत्रीकरणाचा करार झाला तो आमच्या संघटनांशी वाटाघाटी करून. यंत्रावर बसणाऱ्याला वेगळा भत्ता मिळे, असं आमचे सीनियर अजून गहिवरून सांगतात. माझ्या वेळी शाखा नव्या संगणक प्रणालीवर गेली तेव्हा मला तीन दिवस प्रशिक्षणाला पाठवलं. दोन वेळा चहा, दुपारी जेवण, वर गुलाबजाम. आणि मी चाळिशीच्या आतला, बी. कॉम. झालेला माणूस! ऐंशी वर्षांच्या आजींना मात्र काउंटरवरून उभ्या उभ्या सांगायचं, "अ‍ॅप टाकून घ्या, सोप्पं आहे." गुलाबजाम नाही, खुर्ची नाही.

याची किंमत काय पडते तेही पाहिलं आहे. 'काही विचारलं की ओके दाबा' हा धडा मीच अण्णांना दिला होता. घरोघरी हाच दिला जातो. न वाचता 'ओके' दाबायची सवय आपण लावायची आणि पुढचं काम भामट्याने करायचं, अशी ही भागीदारी आहे. आमच्याकडे खातं असलेल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना कुणीतरी फोन करून सांगितलं, 'तुमचे पाच हजार रुपये जमा करायचे आहेत, पिन टाका.' त्यांनी टाकला. पाच हजार आले नाहीत, गेले. बाईंना पाढे तीसपर्यंत पाठ होते. पण यूपीआयचा पिन लागतो तो पैसे जाताना, येताना तो लागत नाही, हे एक वाक्य त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गडबड झाली तर तडक १९३० या नंबरवर फोन करायचा, हेही नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झालं. तेव्हापासून ही दोन वाक्यं सांगायला मला वेळ झाला नाही, आणि 'सोप्पं आहे' हे मी रोज शंभरदा म्हणत होतो.

आणि नोव्हेंबर! दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळींनी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो बोटाचा ठसा देऊन डिजिटल काढता येऊ लागला आणि २०२१ पासून फोनला चेहरा दाखवूनही. फोन म्हणतो, डोळे मिचकवा. गेल्या नोव्हेंबरात आमच्या शाखेच्या बाकावर चार आजोबा रांगेने फोनकडे बघून डोळे मिचकावत होते. समोर पासबुक भरायला उभ्या असलेल्या बाई घाबरून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. फोनवरचा दाखला खरंच सोयीचा आहे. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना तो वरदान आहे. पण ज्याला तो जमत नाही तो माणूस समोर काठी टेकून उभा असताना, 'फोनवरूनच करा' असं मी म्हणायचं? फोनला पटत नसेल, पण मला दिसतंय ना की ते जिवंत आहेत! चांगले खोकतायत! कागदी दाखला बँकेत अजून चालतो, ऐंशीच्या पुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. सत्तरीपुढच्या ग्राहकांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, हयातीच्या दाखल्यासारख्या सेवा घरपोच द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना कळवून ठेवलं आहे. ते परिपत्रक मी फायलीला लावलं होतं. काउंटरवर मात्र ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

आता काही शहाणे म्हणतील, काळाबरोबर चाललं पाहिजे. मान्य! अण्णा चालायला तयारच होते, आपणच त्यांना कडेवर उचलून पळत होतो आणि वर म्हणत होतो, 'यांना चालता येत नाही.' दुसरे म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? त्यांना मी विचारतो, तुम्हाला चमच्याने जेवायला, बुटाची नाडी बांधायला, सायकलवर बसायला किती वेळ लागला होता? सायकलमागे कॅरिअर धरून पोवई नाक्यापर्यंत अण्णा किती दिवस धावले, ते मला आठवतं. त्यांनी 'सोप्पं आहे, उतर, मीच चालवतो' असं म्हटलं असतं तर मी आज चाळिशीतही डबलसीटच बसलो असतो.

म्हणून माझ्या फिर्यादीतल्या मागण्या साध्या आहेत. एक, शिकवताना हात पाठीमागे. दोन, एका बैठकीला एकच गोष्ट, आणि तीही शिकणाऱ्याच्या हस्ताक्षरात वहीत. तीन, जोवर माणूस फोनवर शिकत नाही तोवर खिडकी उघडी. बँकेची, पोस्टाची, दवाखान्याची, सगळ्यांची. आणि चौथी, 'सोप्पं' हा शब्द शिकणाऱ्याने म्हणायचा, शिकवणाऱ्याने नाही. मी काउंटरवर हे सुरू केलं आहे. दुपारी तीननंतर खुर्ची टाकतो आणि हात मागे बांधून उभा राहतो. मॅनेजरसाहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "शिक्षा झालीय का?" म्हटलं, "हो."

परवा बँकेत दुपारी डबा उघडला आणि अण्णांचा फोन आला. साधा नाही, व्हिडिओचा. त्यांनी आपण होऊन लावलेला पहिला. मी घेतला. पडद्यावर एक प्रचंड कान आला. फोन नेहमीप्रमाणे कानाला लावून अण्णा बोलत होते. आईने लोणचं घातलंय, पाऊस बरा आहे, कऱ्हाडचे जुने साहेब भेटले. दहा मिनिटं मी तो कान पाहत होतो. शेजारचा कॅशियर वाकून म्हणाला, "अरे, त्यांना सांग ना, फोन समोर धरा म्हणून. सोप्पं आहे!"

मी त्याला गप्प बसायला खुणावलं. तो धडा वहीत उद्याच्या पानावर आहे.